बॉयलरमामांचे तीन रकाने

जिंकलेल्या डावाची गोष्ट बॉयलरमामांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. पत्ते खेळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. रविवारी जिंकलेला डाव पुढच्या शनिवारपर्यंत पुरवून पुरवून सांगणारी. मामांचं उलट. ते हरलेला डाव चवीनं सांगत. कुठलं पान आलं, कुणी चाल वाढवली, आपण कुठं हुरळलो, आणि मग कसे आपटलो, सगळं अगदी रंगवून. ऐकणाऱ्याला वाटावं, बाजी या माणसानंच मारली असणार. आणि शेवटी मामा समाधानानं म्हणत, "असं हरलो बघा."

पिंपरीला कारखाने नुकते उभे राहत होते तेव्हाची ही गोष्ट. मुंबई-पुणे रस्त्याच्या एका अंगाला निर्वासितांची वसाहत, दुसऱ्या अंगाला बाजरीची रानं, आणि त्या रानांत मधेच आमच्या कारखान्याचं धुराडं. त्या धुराड्याखाली मामांचं राज्य. सोलापूरच्या गिरणीत ते बॉयलरवर होते. इथं कारखाना सुरू होताना जाणता माणूस हवा म्हणून त्यांना बोलावून आणलं होतं. बायकामुलं सोलापुरातच. पत्र्याच्या खोलीत एकटे राहत. खोलीच्या भिंतीवर दोनच चौकटी होत्या. एकीत विठ्ठल, दुसरीत बॉयलर चालवण्याचं सर्टिफिकेट. उदबत्ती दोघांनाही ओवाळली जाई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते पत्रक मीच लिहीत असे, तरी मलाही ते आठवायला वेळ लागे. सगळ्या कारखान्याचे ते बॉयलरमामा.

मी टाइम ऑफिसात कारकून. साताऱ्याकडचा, नुकता मॅट्रिक झालेला, आणि स्वतःला फार हुशार समजणारा. मामांच्या शेजारची खोली माझी.

रविवारी दुपारी खोल्यांमागच्या चिंचेखाली घोंगडी पडे आणि तीन पानी सुरू होई. आम्ही चौघे. मामा, मी, मोशीचे बबनराव आणि हमीदभाई. बबनरावांची थोडी जमीन कारखान्यात गेली होती आणि त्याच कारखान्याच्या फाटकावर ते पहाऱ्याला होते. हमीदभाई चाकणचे, लॉऱ्यांचे मेस्त्री. खेळ सोपा. प्रत्येकाला तीन पानं; चांगली असली तर चाल वाढवायची, वाईट असली तर टाकून द्यायची, नाहीतर चांगली आहेत अशी थाप मारून दुसऱ्यांना पळवून लावायचं. पैशांऐवजी चिंचोके. सुरुवातीला प्रत्येकाला मूठभर मिळत आणि संध्याकाळी त्यांचे आणे होत. पुढं नवे पैसे आले तेव्हा चिंचोक्याचा भाव काय धरायचा यावर बबनराव आणि हमीदभाई दोन रविवार भांडले. सबंध दिवस हरलं तरी जाणार काय, तर दोन चहा आणि एक भजी.

पण मामांचा एक नियम होता आणि तो खेळापेक्षा मोठा होता. ज्याचे चिंचोके संपतील त्यानं उठून स्टोव्ह पेटवायचा आणि सगळ्यांचा चहा करायचा. आधण ठेवलं की त्याला एक हक्क मिळे. ज्यानं आपल्याला हरवलं त्याला एक प्रश्न विचारायचा, "कसं ओळखलंस?" आणि जिंकणाऱ्यानं खरं उत्तर द्यायचं. घोंगडीवर वाटेल तेवढ्या थापा माराव्यात, चहाला खोटं बोलायचं नाही. मामा म्हणत, "खेळात फसवलं तर तो खेळ. च्याच्या टायमाला फसवलं तर ती चोरी." हमीदभाईंनी एकदा प्रामाणिकपणे सांगितलं होतं की बबनरावांना चांगली पानं आली की ते एकदम पिकापाण्याच्या गप्पा काढतात. बबनराव आठवडाभर फुगून बसले. पुढच्या रविवारी मात्र वाईट पानांवर त्यांनी कांद्याच्या भावाची गोष्ट काढली आणि आम्हा तिघांनाही पळवून लावलं. मामा त्या दिवशी हसून हसून खोकायला लागले.

हरण्याची ते वही ठेवत. बॉयलरवर तासातासाला वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी लिहायची, तशीच इथं. फक्त हरलेले डाव. तीन रकाने आखलेले: 'पानं', 'तो' आणि 'मी'. नशिबानंच वाईट पानं दिली तर पहिला. समोरचा आपल्याहून चांगला खेळला तर दुसरा. आपली चूक झाली तर तिसरा, आणि चूक काय ते पुढं दोन शब्दांत. मला त्यांनी तशीच वही घालायला लावली. महिन्यानं तपासायला मागितली. माझा 'पानं'चा रकाना खालपर्यंत भरलेला, बाकी दोन कोरे. मामांनी चष्मा कपाळावर चढवला.

"वसंता, तुझ्या वहीत रोज देवच चुकतोय की रं."

मग त्यांनी माझे डाव एकेक करून सोलले. त्यातून निघालं ते असं, की एक डाव हरलो की पुढचे दोन-तीन डाव मी वाटेल त्या पानांवर चाली करतो. "तू समोरच्या पानांशी न्हाई खेळत," ते म्हणाले, "तू मागच्या डावाशी खेळतोस." हे वाक्य मला पत्त्यांपलीकडंही लागू पडलं; पण ते कळायला फार वर्षं गेली. तेव्हा एवढंच कळलं की हरलो की एक डाव गप्प बसायचं, पानं टाकायची, चिंचेचा पाला बघायचा. त्यानं खरंच फरक पडला. चहा करायची पाळी माझ्यावर दर रविवारी येत असे, ती कधीमधी यायला लागली.

या वहीचा मामांच्या लेखी आणखी एक उपयोग होता, आणि तो त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितला होता. गिरणीत त्यांचे एक उस्ताद होते. उतारवयात उस्तादांचं लक्ष ढळायला लागलं, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही. एके दिवशी बॉयलरमधलं पाणी उतरलेलं त्यांना दिसलं नाही, बॉयलर फुटला आणि भट्टीसमोरचा पोऱ्या भाजून मेला. "बॉयलरवर चूक कळती ती एकदाच कळती," मामा म्हणत. "म्हनून मी हितं मोजतो. चिंचोक्यात चुका वाढाय लागल्या की समजायचं, डोकं उतरलं. मग बॉयलरला हात लावायचा न्हाई." आम्ही हसलो. बबनराव म्हणाले, "मामा, तुमचं डोकं उतरलं तर आमचं कुठं ठेवायचं?"

आता माझ्याकडं येतो.

एका सकाळी हजेरीचा कागद घेऊन मी बॉयलरपाशी गेलो होतो. मामा दाबाचा काटा बघत होते. आकडा वाचण्याआधी त्यांनी काट्यावरच्या काचेवर नखानं हलकी टिचकी मारली. काटा जागचा थोडा हलला, मग त्यांनी आकडा लिहिला. मी विचारलं तर म्हणाले, काटा कधी कधी अडकून बसतो. टिचकी मारली की खरं सांगतो. आयुष्यभराची सवय. मी कागदावर सही घेतली आणि निघालो, आणि फाटकापर्यंत येताना मला आठवलं की ही टिचकी मी आणखी कुठंतरी पाहिली आहे.

पुढच्या रविवारी मी पानांकडं पाहिलंच नाही, मामांच्या हाताकडं पाहिलं. तीन पानं जुळलेली असली की ती मिटून ते पानांच्या पाठीवर नखानं टिचकी मारत. आपण पाहिलं ते खरंच आहे ना, अशी खात्री करून घेतल्यासारखी. थाप मारायची असली की टिचकी नाही. तिथं खात्री करायला काही नव्हतंच. त्यांना याचा पत्ता नव्हता. टिचकी वाजली की मी पानं टाकायला लागलो. न वाजता चाल आली की शेवटपर्यंत भिडायला लागलो. त्याच दुपारी मामांचे चिंचोके संपले. स्टोव्ह पेटवून, आधण ठेवून, मांडीवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, "शेवटचा डाव. माझी थाप कशी वळखलीस?"

मी म्हणालो, "अंदाजानं."

एवढंच. खरं सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला असता, 'तो'च्या रकान्यात कौतुकानं लिहिलं असतं आणि आठवडाभर साऱ्या कारखान्याला ती गोष्ट सांगितली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण एका दिवसात संपवायला ती चीज मला फार मौल्यवान वाटली. आणि माझ्या त्या उत्तरानं मामांचा चेहरा उजळला. "म्हंजे तयार झालास," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी बॉयलरवरच्या पोरांना ते सांगत होते की टाइम ऑफिसातला वसंता आपल्या हाताखाली कसा तयार झाला. मला चालताना छाती थोडी पुढं काढावीशी वाटली.

तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. बबनरावांनी एकदा फाटकावर विचारलं, "काय राव, म्हाताऱ्याला लई चेपताय, कसली जडीबुटी?" आणि मी फुशारकीच्या भरात त्यांना सांगून टाकलं. त्यांनी हमीदभाईंना सांगितलं. आमच्या लेखी ती गंमत होती. तिघांनाही टिचकी ऐकू यायला लागली. मामांना चांगली पानं आली की आम्ही तिघं पटापटा पानं टाकत असू, त्यांच्या हाती दोन चिंचोके येत. त्यांनी थाप मारली की तिघांपैकी कुणीतरी भिडे, आणि मामांची मूठ रिकामी होई.

उन्हाळा तसाच गेला. मामा हरत राहिले आणि वही भरत राहिली. पहिल्या रकान्यात लिहिण्यासारखं नव्हतं, पानं चांगली येत होती. दुसऱ्यातही नव्हतं, कारण विचारलं की आम्ही तिघंही 'अंदाज' म्हणत होतो आणि चहाला कुणी खोटं बोलत नाही यावर त्यांचा विश्वास होता. राहिला तिसरा. त्यात ते सगळं लिहीत. पुढं मात्र चूक काय झाली ते लिहिता येईना. त्यांनी जागा बदलून पाहिली, थापा कमी केल्या, तंबाखू सोडली. पुण्याला जाऊन डोळे तपासून आले आणि चष्मा बदलला. हरलेला डाव चवीनं सांगणं कधी बंद झालं, ते आमच्या लक्षातही आलं नाही. एकदा मी त्यांच्या खोलीत गेलो तर ते घोंगडीवर एकटेच चौघांची पानं मांडून बसले होते आणि आदल्या रविवारचा डाव आठवून आठवून पुन्हा लावत होते.

"चुकलो कुठं ते दिसतच न्हाई," ते म्हणाले. "चुकलो ते दिसतंय."

हमीदभाई सगळ्यांत आधी अस्वस्थ झाले. लॉरीखालून बाहेर येऊन हात पुसत ते मला म्हणाले, "वसंतराव, बास झालं आता. सांगून टाकू. म्हातारा झुरतोय." मी म्हणालो, सांगू, पण मी सांगतो, तुम्ही बोलू नका. ते बिचारे बोलले नाहीत. मी आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. भीती मामांच्या रागाची नव्हती. ते रागावले नसते. पण साऱ्या कारखान्यात मी त्यांचा तयार झालेला चेला होतो, आणि सांगितलं की माझ्या तयारीत एका टिचकीपलीकडं काहीच उरणार नव्हतं.

पाऊस सरता सरता एका संध्याकाळी मामा माझ्या दारात आले. अंगावर धुतलेला सदरा, हातात कोरा फुलस्केप कागद. आत येऊन खाटेच्या कडेला बसले.

"इंग्रजीत अर्ज लिहून दे. मला बॉयलरवरनं काढून यार्डात द्या म्हनून."

मी विचारलं, काय झालं, साहेब काही बोलले का. ते म्हणाले, साहेबांना काय कळतंय. कारण लिही, लक्ष राहत नाही.

मी म्हणालो, "मामा, पत्त्यांवरून असं कुणी ठरवतं का? थोडे दिवस थांबा."

"मी थांबंन. वाफ थांबत न्हाई." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्यासमोर चार पोरं उभी असत्यात रं, वसंता. तुझ्याच वयाची."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मामा, तुम्ही टिचकी मारता. बस, चार शब्द. मी दौतीचं झाकण काढलं, टाक बुडवला आणि अर्ज लिहिला. माझं इंग्रजी अक्षर चांगलं होतं. विनंती नम्र केली, कारण मोजक्या शब्दांत घातलं. त्यांनी खाली मराठीत सही केली आणि कागद वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. जाताना म्हणाले, बरं झालं तू शेजारी आहेस, ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडनं लिहून घ्यायला लाज वाटली असती.

साहेबांनी त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मंजूर केलं. पगार उतरला, तो उतरवलेला आकडाही पत्रकात मीच लिहिला. मामा कोळशाच्या यार्डात आलेल्या गाड्या नोंदवू लागले. रविवारचा खेळ मोडला. घोंगडी बबनरावांकडं गेली. ते मोशीहून येताना मामांसाठी भाकरी-ठेचा बांधून आणत आणि मामांपुढं ठेवून लगेच फाटकाकडं निघून जात, बसत नसत. वर्षभरात मामांनी नोकरी सोडली. चिंचवड स्टेशनवर त्यांची वळकटी मी उचलून डब्यात ठेवली. भिंतीवरच्या दोन चौकटींपैकी एकच त्यांनी बरोबर नेली, विठ्ठलाची. दुसरी, सर्टिफिकेटाची, खोलीतच राहिली होती. ती माझ्याकडं आहे.

हे मी कुणाला सांगितलं नाही. लग्न झालं, हुद्दा वाढला, आजूबाजूची रानं जाऊन कारखान्यांना कारखाने लागले. पत्ते पुन्हा हातात घेतले नाहीत. लोकांना वाटतं, निर्व्यसनी माणूस.

बऱ्याच वर्षांनी कंपनीच्या कामानं सोलापूरला जायचं झालं. काम सकाळीच उरकलं आणि मी पत्ता विचारत विचारत गेलो. गिरणीजवळच्या चाळीत मामा ओट्यावर बसले होते. थकले होते, पण मला लांबूनच ओळखलं. मामींना मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी पाणी आणलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं, हमीदभाईंची चौकशी झाली. मग मी सगळं सांगितलं. टिचकीपासून अर्जापर्यंत. काही गाळलं नाही.

मामा पुष्कळ वेळ आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. आतल्या दाराकडं तोंड करून मामींना हाक मारली, "अगं, ऐकलंस का? माझं डोकं ठीक हुतं. काय झालं नव्हतं त्याला." पुन्हा हसले, डोळे पुसले, पुन्हा तेच म्हणाले. मी मान खाली घालून बसलो होतो. हसणं ओसरल्यावर ते सावकाश म्हणाले, "म्या इचारलं हुतं तुला. पयल्याच दिशी."

"हो."

"च्याच्या टायमाला."

"हो, मामा."

मी शिक्षा मागायला गेलो होतो असं म्हणा. ती त्यांनी दिली नाही.

निघालो तेव्हा मामी चाळीच्या दारापर्यंत आल्या. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात, सांगायचं म्हणून सांगितल्यासारखं बोलल्या. पिंपरीहून आल्यापासून यांनी घरात स्टोव्ह पेटवला नाही. किल्ली जवळ ठेवली नाही. नातू झाला तेव्हा सगळ्यांनी मांडीवर दिला, यांनी घेतला नाही. पाडीन म्हणायचे. नातू आता नऊ वर्षांचा आहे, म्हणाल्या, आता काय उचलायचा?

मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन टांग्याची वाट बघत उभा राहिलो. थोड्या वेळानं मामा चाळीबाहेर आले, बरोबर तो नातू. समोरच्या दुकानात निघाले असावेत. रस्त्यावर सायकली, हातगाड्या, मधूनच लॉरी. कडेला आल्यावर पोरानं सवयीनं आजोबांचं मनगट धरलं आणि त्यांना पलीकडं न्यायला पाऊल टाकलं. मामा जागचे हलले नाहीत. त्यांनी आपलं मनगट त्याच्या मुठीतून हळूच सोडवून घेतलं. मग पोराचा हात स्वतःच्या हातात घट्ट धरला, दोन्ही बाजूंना बघितलं आणि त्याला घेऊन रस्त्यात उतरले.